कर्लू फ्लॅटचा न संपलेला नाच

एल्मा क्राउसचा धरणाला विरोध नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे शहरातल्या वर्तमानपत्रांनी तिला धरणाची वैरीण करून टाकलं, फोटोबिटो छापला, आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

मोठ्या पुरात तिच्या लेकीचं, लॉर्नाचं, शहरातलं घर छतापर्यंत चिखलाने भरलं होतं. एल्मा स्वतः फावडं घेऊन गेली होती. न्हाणीघरात मेलेली मासळी आणि कपाटात वाळू, असं घर तिने उपसलं होतं. तेव्हा तुराला नावाची ती नदी वरच अडवायला हवी, पूर तिथेच थोपवायला हवा आणि एरवी तेच पाणी शहराच्या नळांना सोडायला हवं, हे तिला नकाशे पसरून समजावण्याची गरज नव्हती. नदी अडवायची म्हणजे कुणाचं तरी खोरं बुडणार. ते तिचं, कर्लू फ्लॅट गावाचं, निघालं. तिने सही केली, गाई विकल्या, धरणवाल्यांनी घर जाळलं तेव्हा कुंपणाला टेकून ते शेवटपर्यंत पाहिलं, आणि क्लॅरी डनच्या टेकडीवरच्या जुन्या खोलीत बिऱ्हाड हलवलं.

तिचा राग वेगळाच होता. जाहीर सुनावणीत लॉर्ना उभी राहिली होती आणि आईच्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाली होती, "कर्लू फ्लॅटमध्ये असं आहे तरी काय? चार गोठे आणि एक हॉल. माझ्या गल्लीत माणसं बुडून मेली." खरंच होतं ते. पण खरं बोलायलासुद्धा एक जागा असते. त्या दिवसापासून एल्मा लेकीशी बोलायची ती हवा कशी आहे आणि रस्ता कसा होता, एवढ्यापुरतं.

आणि हॉल मात्र ती देणार नव्हती.

बाहेरून पाहिलं तर हॉल म्हणजे पत्र्याच्या छपराची लाकडी खोली. नदीकाठच्या सपाटीवर, पुराच्या धाकाने माणसाच्या छातीएवढ्या उंच लाकडी खांबांवर उभी. क्वीन्सलंडमध्ये असे हॉल पैशाला पासरी. पण आतली जमीन एल्माच्या बापाने बसवलेली होती. पाइनच्या फळ्या एकमेकींत अशा घट्ट गुंतवलेल्या, की सुरीचं पातंसुद्धा आत शिरणार नाही. नाचाच्या आदल्या दिवशी त्यावर मेणबत्त्या किसायच्या, पोरांना गव्हाच्या पोत्यांवर बसवून फरफटत न्यायचं आणि अशी ती जमीन घोटायची. खोऱ्यातल्या प्रत्येकाचं बूड लहानपणी त्या फळ्यांवर शेकलं होतं. एल्मा तिथेच चालायला शिकली, तिथेच एर्नी क्राउसच्या पायावर पाय दिला आणि माफी मागता मागता त्याच्याशी लग्न करून बसली.

त्या हॉलची एक रीत होती. नाच संपायचा तो शेवटच्या वॉल्ट्झने, जोडीजोडीने संथ गिरक्या घेत. तो कधी वाजवायचा हे घड्याळ ठरवायचं नाही, हॉल समितीची अध्यक्ष ठरवायची. तिने वादकाकडे पाहून मान हलवली की शेवटचा वॉल्ट्झ, आणि तो ज्याच्यासोबत घरी जायचं त्याच्यासोबतच नाचायचा. कितीतरी लग्नं त्या एका वॉल्ट्झवर ठरली आणि दोनेक मोडलीही. अध्यक्ष गेली कित्येक वर्षं एल्माच होती. एर्नी गेल्यापासून ती मान हलवायची आणि मागच्या खोलीत कप विसळायला निघून जायची. तिला तेव्हा कुणी हाक मारत नसे.

धरणाच्या कचेरीतर्फे जमिनी ताब्यात घेणारा अधिकारी होता पॅस्को. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, आणि नियम म्हणजे नियम. हॉल उचलून टेकडीवर न्यायची परवानगी एल्माने मागितली. तो नाही म्हणाला. पुन्हा मागितली. पुन्हा नाही.

"एकाला दिली की सगळे मागतील, मिसेस क्राउस," तो शेवटच्या सभेत म्हणाला. "आणि मागे राहिलेलं लाकूड पाण्यावर तरंगत येऊन धरणाच्या दरवाजांत अडकतं. सोमवारी हॉल जाळायचा आहे. निरोपाचा नाच करायचाय? खुशाल करा शनिवारी. नाच चालू आहे तोवर हॉल तुमचा. नाच संपला, सगळे बाहेर पडले, की किल्ली माझ्या हातात."

"नाच संपला की?" एल्माने विचारलं.

"नाच संपला की."

"सगळ्यांनी ऐकलंत ना रे?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. मागच्या बाकावर क्लॅरी डन सिगारेट वळत होता, त्याचे हात थांबले. क्लॅरीचा धंदा घरं हलवण्याचा. आमच्याकडे लोक गाव सोडताना घरही सोबत नेतात. खांब काढायचे, जॅक लावायचे, गाडीवर चढवायचं आणि चालू पडायचं. क्लॅरीने एल्माकडे पाहिलं. एल्मा छताकडे पाहत होती, जणू तिथे कोळिष्टकं मोजायची होती. पॅस्कोला यातलं काही दिसलं नाही. बिचाऱ्याला वाटत होतं, सिनेमा संपतो तसा नाचही आपला आपणच संपतो.

शनिवारी नाच दुपारी ठेवला. कर्लू फ्लॅटमध्ये दुपारचा नाच कधी झाला नव्हता, कारण दुपारी गाई पिळायच्या असत. आता गाईच नव्हत्या. बायकांनी भोपळ्याचे स्कोन आणले, लॅमिंग्टन केक आणले, काकडीचे सँडविच ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. म्हाताऱ्या ओटो झिलमनने अकॉर्डियन छातीशी धरला. शहरातून लॉर्नाही आली, हातात केकचं ताट घेऊन, आणि दाराशी थबकली.

"रस्ता कसा होता?" एल्माने विचारलं.

"धूळ होती."

"पाऊस नाही ना," म्हणून एल्माने ताट घेतलं आणि आत गेली. लॉर्ना भिंतीला टेकून उभी राहिली.

पॅस्को आला तो कोट घालून. त्याला कुणी बसू दिलं नाही. जोड्या बदलत जाणारा नाच लावला आणि पोलीस सार्जंटच्या बायकोपासून कसायाच्या आजीपर्यंत सगळ्यांच्या हातांतून त्याला फिरवून आणला. पहिल्यांदा तो लाजला, मग घामाघूम झाला, मग चक्क हसला. आणि खाली, खांबांना झाकणाऱ्या लाकडी जाळीच्या आड, क्लॅरी आणि त्याचे गडी एकेक खांब सोडवत होते. वरती बूट जेवढे आपटत तेवढं खालचं घणाचं काम खपून जाई. म्हणून एल्मा सगळ्यांना सांगत फिरत होती, "अरे जीव नाही का पायांत? आपटा जरा! उद्या कुणाच्या घरात आपटणार आहात?"

मागच्या खोलीत ती कपांत चहा ओतत होती, तेव्हा चहा एका कडेला झुकला. कपातच, हळूच. मग पुन्हा सरळ झाला. एल्माने किटली खाली ठेवली आणि दोन्ही हात टेबलावर टेकून क्षणभर उभी राहिली. तिच्या छातीत इतका आनंद दाटला, की तो भीतीपासून वेगळा करता येईना.

थोड्या वेळाने पॅस्को वारा घ्यायला दार उघडून बाहेर निघाला आणि चौकटीला धरून कसाबसा थांबला.

"मिसेस क्राउस! पायऱ्या कुठे गेल्या?"

"पायऱ्या आहेत तिथेच आहेत," एल्मा म्हणाली. "आपण वर आलोय."

त्याने वाकून पाहिलं. खाली लांबलचक गाडी, तिच्यावर हॉल बसलेला, पुढे क्लॅरीचा जुना लष्करी ट्रक धूर सोडतोय आणि जोडीला दोन ट्रॅक्टर. पॅस्कोचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"सार्जंट! थांबवा हे!"

सार्जंट बायकोच्या कमरेत हात घालून नाचत होता. तो नाचतच जवळ आला. "साहेब, नाच चालू आहे तोवर हॉल यांचा, असं तुम्हीच म्हणालात. मी तिसऱ्या रांगेत होतो."

"म्हणून तो पळवायचा?"

"पळवतंय कोण? आतच तर आहोत सगळे."

"संपवा मग हा नाच! आत्ताच्या आत्ता!"

"ते माझ्या हातात नाही हो," सार्जंट म्हणाला. "शेवटचा वॉल्ट्झ अध्यक्षबाई ठरवतात. माझं लग्न झालं तेव्हापासूनची रीत आहे ती." आणि बायकोला घेऊन तो गर्दीत नाहीसा झाला.

क्लॅरीने भोंगा वाजवला आणि हॉल हलला. चालत्या गाईच्या वेगाने, पत्रा खडखडवत, फुलदाण्या आडव्या पाडत कर्लू फ्लॅटचा हॉल आपली जागा सोडून निघाला. विजेच्या तारांची अडचण नव्हती. धरणवाल्यांनी त्या आधीच काढून नेल्या होत्या, त्याबद्दल त्यांचे आभार. खिडकीतून एल्माच्या जळक्या घराचा चौथरा मागे गेला, मग गोठ्याचा, मग शाळेचा. कुणी रडलं, कुणी शिट्ट्या मारल्या. ओटोने पोल्का धरला आणि दोन वेळा पडता पडता लोक नाचत राहिले.

पूल आला आणि गाडी थांबली.

तो जुना लाकडी पूल, एका गाडीपुरता. त्याचे कठडे क्लॅरीने सकाळीच करवतीने उतरवून ठेवले होते. पूलही बुडणारच होता, मग कठडे कुणासाठी जपायचे? क्लॅरीने खाली उतरून पुलावर पाय आपटला, वाकून खालचे खांब पाहिले आणि शिडी दाराला लावली.

"सगळे उतरा. एकूण एक. हॉलचंच वजन पेलेल की नाही शंका आहे, त्यात तुमचे स्कोन."

लोक उतरू लागले. पॅस्को सगळ्यांत आधी उतरला आणि शिडीच्या पायथ्याशी उभा राहिला. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "मिसेस क्राउस, तुमचा शब्द आणि माझा शब्द एकच होता. सगळे बाहेर पडले की नाच संपला. शेवटचा माणूस उतरला की हॉल माझा. मग तो इथेच राहील."

उतरलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. कारण यातही खोट नव्हती.

"मी उतरत नाही," एल्मा दारातून म्हणाली.

"एकटीने नाच होत नाही."

"वाजवायला मी आहे," आतून ओटो म्हणाला. "माझं वजन काय धरता? माझ्यापेक्षा अकॉर्डियन भारी."

"वाजवणारा एक, नाचणारी एक. याला नाच म्हणतात का?" पॅस्कोने सगळ्यांकडे पाहत विचारलं. कर्लू फ्लॅटमध्ये एकट्याचा नाच हा नाच नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

क्लॅरी शिडीवर चढून तिच्या कानाशी आला. "एल्मा, मस्करी नाही ही. मधला खांब मोठ्या पुरात हलला होता. तो बसला तर हॉल नदीत, आणि तू हॉलमध्ये. पाण्यातून हॉल काढता येतो मला. तुला नाही."

"मग नीट चालव."

"अगं, जोडीदार कुठाय तुला? मला ट्रक सोडता येत नाही. सार्जंट बैलाएवढा. कुणाला म्हणू, ये मरायला?"

एल्माने दाराची चौकट घट्ट धरली. तिने घर दिलं होतं, गोठा दिला होता, एर्नीने लावलेली संत्र्याची चिंचोळी बाग दिली होती, आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. आता मात्र तिला संताप आला. एवढं सगळं देऊन झाल्यावरही एक खोली राखता येऊ नये, आणि तीही नाचायला माणूस नाही म्हणून!

शिडी हलली. क्लॅरीला बाजूला सारून लॉर्ना वर चढत होती. बूट काढून तिने हातात घेतले होते.

"खाली उतर," एल्मा म्हणाली. "तुला पोरं आहेत."

"तुलाही आहे. एकच आहे, पण आहे."

"लॉर्ना, हा पूल..."

"पूल दिसतोय मला." लॉर्ना आत आली आणि तिने बूट कोपऱ्यात फेकले. "हे बघ आई, धरण मला हवंच होतं. आजही हवंय. पुन्हा विचारलं तर पुन्हा उभी राहून हेच सांगेन."

"माहितेय मला."

"पण सुनावणीत मी चार गोठ्यांच्या रांगेत हॉलही घातला. तेवढं चुकलं माझं. गोठे कुणीही बांधेल." तिने हात पुढे केला. "नाचणार आहेस, की हवेबद्दल बोलायचंय?"

एल्माने तो हात घट्ट धरला. बाहेर क्लॅरीने कपाळावर हात मारला आणि ट्रककडे पळाला.

"काय वाजवू?" ओटोने विचारलं.

"काहीही. वॉल्ट्झ सोडून."

ओटोने पोल्का सुरू केला, तसा ट्रकमधून क्लॅरी बोंबलला, "अरे उड्या नकोत! पूल आहे तो!" मग ओटोने एक संथ फॉक्सट्रॉट धरला.

हॉल पुलापेक्षा रुंद होता. पुलावर चढल्यावर दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून जमीन नाहीशी झाली आणि फक्त पाणी दिसू लागलं. फळ्या कण्हत होत्या. लॉर्ना पुरुषाची बाजू नाचत होती, आणि वळताना डावा खांदा किंचित खाली सोडत होती. एर्नी तसंच करायचा. लेकीला त्याने याच जमिनीवर, आपल्या बुटांवर उभी करून, नाच शिकवला होता. एल्माला हे आठवलं आणि तिला रडू फुटलं. नुसतं दुःखाचं नव्हे, रागाचंही होतं ते, आणि ती ते पुसायला थांबली नाही.

मधोमध आले असताना खालून एखादं मोठं झाड मोडावं तसा आवाज झाला. हॉल एका अंगाला कलला. कपांची एक अख्खी रांग मागच्या खोलीत फुटली. ओटो खुर्चीसकट भिंतीपर्यंत घसरला, पण त्याने सूर सोडला नाही. किनाऱ्यावरून कुणीतरी किंचाळलं.

"आई, बाहेर बघू नकोस," लॉर्ना म्हणाली.

"मी कशाला बघू? तूच पायाकडे बघतेयस. मान वर कर. तुझ्या बापाने असं शिकवलं होतं?"

लॉर्ना हसली. घाबरून हसली, पण हसली. कललेल्या जमिनीवर त्या दोघी वरच्या बाजूला नाचत गेल्या, पुन्हा घसरत खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. क्लॅरीने ट्रक थांबवला नाही. थांबवला असता तर पूल बसलाच असता, हे त्याने पुढे दर नाताळला सांगितलं. मग पुढची चाकं मातीला लागली, मग मागची. खिडकीत गवत आलं, आणि मागे मधला खांब सावकाश वाकून नदीत गेला.

पलीकडून जो ओरडा झाला तो असा, की नदीकाठचे सगळे पक्षी उठले. पुलाच्या खालच्या अंगाला पाणी उथळ होतं, तिथून लोक बूट हातात घेऊन धावत आले. पॅस्कोही आला, इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि कुणालाही न सांगता त्याने ओटोच्या अकॉर्डियनची रिकामी पेटी डोक्यावर धरून पार केली.

उन्हं उतरता उतरता हॉल क्लॅरीच्या टेकडीवर पोचला, पाण्याची रेघ जिथवर कधीच येणार नाही अशा जागी. एव्हाना हॉल पुन्हा भरला होता आणि ओटोच्या जागी दुसरं कुणी वाजवायला बसलं होतं. पॅस्को दाराशी आला. थकलेला, चिखलाने माखलेला. त्याने तळहात पुढे केला.

"मिसेस क्राउस, आता तरी शेवटचा वॉल्ट्झ होऊ द्या. किल्ली द्या, आणि मला वर काय सांगायचं ते सांगू द्या."

एल्माने त्याच्या तळहाताकडे पाहिलं. मग आत जाऊन, न फुटलेल्या कपांतला एक शोधून, तो चहाने भरून तिने त्या हातावर ठेवला.

"नाच संपल्यावर या," ती म्हणाली. "वर सांगा, अजून चालू आहे."

धरण झालं. चांगलं झालं. पुढे एका वर्षी मोठ्या पुराएवढाच पाऊस पडला, तेव्हा धरणाने तो सगळा पोटात घेतला आणि लॉर्नाच्या गल्लीत घोट्याएवढंही पाणी चढलं नाही. तेव्हा जलाशय टेकडीच्या पायथ्यापर्यंत आला होता आणि हॉलच्या खिडकीतून, जिथे कर्लू फ्लॅट होता, तिथे नुसतं तपकिरी पाणी दिसत होतं. त्या शनिवारीही नाच होता. लॉर्ना पोरांना घेऊन आली होती. उशिरा, गर्दी पांगल्यावर, एल्मा कप विसळायला मागे गेली नाही. तिने लेकीचा हात धरला आणि वादकाला फॉक्सट्रॉट वाजवायला सांगितलं.

तेव्हापासून आजवर त्या हॉलमध्ये शेवटचा वॉल्ट्झ कुणी वाजवलेला नाही. एल्मानंतर लॉर्ना अध्यक्ष झाली, तिनेही कधी मान हलवली नाही. ज्याला घरी जायचं तो गाण्याच्या मधूनच उठून जातो. दार लावत नाहीत. किल्ली आत खिळ्याला टांगलेली असते, सगळ्यांना दिसेल अशी. धरणवाल्यांनी ती कधीही न्यावी, फक्त नाच संपायला हवा.